दोनदा धरलेली माया

“आधी वजा करा, मग बोला.”

दिवसातून पंचवीस वेळा तरी ती हे म्हणायची. एखादी आई दारातून आत यायची, कडेवरचं पोर अजून चटईला टेकलेलंही नसायचं, आणि ती सुरू व्हायची, “बाई, सात महिने झाले, अजून हा...” की हिचा तळहात वर. चौकातला पोलीस गाड्या अडवतो तसा. “आधी वजा करा, मग बोला.” म्हणून लोक तिला वजाबाई म्हणायचे. तोंडावर बाई, पाठीमागे वजाबाई. खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच पडून राहिलं.

वजाबाकी तशी साधी होती. तिच्या खोलीत येणारी सगळी पोरं वेळेआधी जन्मलेली. कुणी सहा आठवडे आधी, कुणी दहा, कुणी बारा. जे पोर दहा आठवडे आधी आलं, त्याच्या वयातून ते दहा आठवडे काढायचे आणि उरेल ते त्याचं वय धरायचं. सात महिन्यांच्या पोराकडून मग पावणेपाच महिन्यांचंच काम मागायचं. एवढंच. पण हे एवढंच लोकांच्या डोक्यात शिरत नव्हतं, आणि जे आपणहून शिरत नाही ते ठोकून घालायचं, हा वजाबाईचा स्वभाव.

तिची खोली इस्पितळाच्या मागच्या अंगाला, कपडे धुण्याच्या खोलीला लागून. यंत्रं फिरू लागली की भिंत थरथरायची आणि कपाटावर ठेवलेली छोटी घंटी आपोआप किणकिणायची. जमिनीवर निळी चटई, कडा उसवलेल्या. दोरीला बांधलेला लाल लोकरीचा गोंडा, पोराच्या डोळ्यांपुढून हळूहळू फिरवायला. आठ लाकडी ठोकळे, पोरांनी चावून चावून कोपरे गोल केलेले. ठोकळा लपवायला एक रुमाल. आणि तिच्या खिशात पुठ्ठ्याची एक गोल चकती, तिच्यावर आठवड्यांचे आकडे. चकती फिरवली की वय निघायचं.

इथे येण्याआधी ती वीस वर्षं काचेच्या पेट्यांच्या खोलीत परिचारिका होती. ओंजळीत मावणारी पोरं तिने थेंबाथेंबाने दूध पाजून उभी केली. एकदा एका मोठ्या डॉक्टरशी ती भर वॉर्डात तंडली, तेव्हा तिला उचलून या मागच्या खोलीत टाकलं. तिने त्या खोलीचंच ठाणं केलं. नवरा नव्हता, मूल नव्हतं. कुणी विचारलंच तर म्हणायची, “सहाशे आहेत. मोजायची आहेत का?” विचारणारा पुन्हा विचारत नसे.

पण तिचं खरं वैर होतं आज्यांशी. आजी दिसली की वजाबाईच्या कपाळावर आठी चढायची. आज्या तुलना करतात. शेजारचं पोर रांगतं, जावेचं पोर उभं राहतं, आमचंच का असं. एका आजीला तिने दाराबाहेर बाकावर बसवून ठेवलं होतं, तपासणी होईपर्यंत. दुसरीला म्हणाली होती, “तुम्ही बोलायच्या थांबलात की तो बोलायला लागेल.” आयांना ते आवडायचं. घरी सासूपुढे मान खाली घालणाऱ्या पोरी त्या खोलीत ताठ बसायच्या.

मशीनवाल्या आजीला मात्र ही बाई पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर नको होती.

मशीनवाली म्हणजे गल्लीच्या तोंडाशी राहणारी. खिडकीला लावून पायमशीन, भिंतीला शाळेच्या गणवेशांचे गठ्ठे. तीस वर्षं तिने पोरांचे कपडे शिवले. माप घ्यायला टेप लागत नसे. रस्त्याने जाणारं पोर नुसतं बघून ती सांगायची, “याचा डावा खांदा उतरता आहे, कॉलर सरकणार.” मुलगा मालाची व्हॅन चालवायचा, चार चार दिवस बाहेर. घरात दोघीच, सासू आणि सून. आणि मग ती पोर.

पोर बारा आठवडे आधी जन्मली. वजन किलोलाही पन्नास ग्रॅम कमी. आजीने काचेतून तिला पाहिलं आणि तिच्या तोंडून निघून गेलं, “फार जीव लावू नको गं, हे टिकायचं नाही.” तिला सुनेला सावरायचं होतं. पण बोलून गेली ते गेली. सून तेव्हा चाकाच्या खुर्चीत होती, अंगावर टाके ओले होते. तिने सासूकडे पाहिलंसुद्धा नाही. पेटीपलीकडे उभ्या असलेल्या वजाबाईने मात्र ऐकलं. त्या दिवशी ती कुणाच्या तरी बदली कामावर होती.

“आजी, मरणाची मापं घ्यायची असतील तर बाहेर,” ती म्हणाली. “इथे जगणाऱ्यांची घेतात.”

पोर टिकली. चिमटीत येईल एवढी म्हणून तिला सगळे चिमटी म्हणू लागले. दहा आठवड्यांनी ती घरी आली. सुनेने वजाबाईला देवाच्या जागी नेऊन बसवलं आणि सासूशी कामापुरतं बोलणं ठेवलं. ‘मीठ कमी आहे.’ ‘व्हॅन परवा येणार.’ ‘दोरा संपलाय.’ तेवढंच.

पहिल्या भेटीत वजाबाईने सुनेला समोर बसवून सांगितलं होतं, “हे बघ. जन्माची तारीख विसर. ती अपघाताची तारीख आहे. डॉक्टरांनी तुला आधी जी तारीख दिली होती ना, बाळंतपणाची, ती हिची तारीख. तिथून मोज. कुणी काही म्हणो, तिथूनच मोजायचं.”

सून शाळेत हुशार होती. सांगितलेलं अक्षर न अक्षर पाळणारी. ती विसरली. खरोखरच विसरली. पोर जन्मली त्या तारखेला वर्ष झालं, तेव्हा आजीने तिच्यासाठी फ्रॉक शिवून मशीनवर घडी करून ठेवला. सुनेने तो उचलून कपाटात टाकला. “अजून तीन महिने आहेत,” ती म्हणाली.

त्याच आठवड्यात तपासणी होती. मधल्या दोन भेटी बुडाल्या होत्या, एकदा पोरीच्या तापात आणि एकदा व्हॅन बिघडली तेव्हा. जुनं कार्ड औषधाची बाटली सांडून चिकटून गेलं होतं. इस्पितळात तेव्हा नवी कार्डं आली होती, गुलाबी, चौकटी छापलेली. बाकावर बसून आयांनीच ती भरायची. सुनेने भरलं. आजी शेजारीच होती, पण चष्मा मशीनवर राहिला होता.

आत वजाबाईने कार्ड पाहिलं, चकती फिरवली आणि मान डोलावली. “सहा महिने. बघू काय म्हणतेय सहा महिन्यांची राणी.”

तिने गोंडा फिरवला. चिमटीचे डोळे त्याच्यामागे गेले. तिने ठोकळा रुमालाखाली लपवला. चिमटीने रुमाल ओढून फेकला आणि ठोकळा उचलून “दा दा दा दा” असं भाषणच ठोकलं. वजाबाईच्या चेहऱ्यावर कधी नव्हे ते हसू आलं. “सहा महिन्यांची पोर ठोकळा शोधते! नऊ महिन्यांची पोरं चुकतात इथे. डोकं पुढे आहे हिचं.”

मग तिने तिला बसवलं. चिमटी तीन श्वास बसली आणि मागे कलंडली. पाय पुढे पसरेनात, गुडघ्यांत आखडलेले.

“होईल,” वजाबाई म्हणाली. “सहाला आधार लागतोच.”

“बाई,” आजी म्हणाली, “पाय ताठ आहेत तिचे.”

“अशा पोरांचे असतात. पहिलं वर्षभर राहतो ताठपणा, मग सुटतो.”

आजीने पिशवीतून एक पायजमा काढला. तिनेच शिवलेला, मऊ सुती कापडाचा. “हे बघा. दोन्ही गुडघ्यांच्या आतल्या बाजूला विरलाय. बाहेरून कोरा. पोर पाय सोडवतच नाही, एकावर एक घासते. कात्री मिटल्यासारखे. आणि मोजे टाचेला नाही, बोटांना फाटतात. उभं धरलं की चवड्यावर.”

“आजी, सहा महिन्यांच्या पोरीला उभं कशाला धरता? शर्यतीत पाठवायचीय?” वजाबाई दारात थांबलेल्या बायकांकडे बघून म्हणाली. त्या हसल्या. “आधी वजा करा, मग बोला. तुम्ही कपडे शिवा. पोरं मी बघते.”

“कपडा अंगावरच घालतात, बाई. अंग दिसतं मला.”

“तुम्हाला काय काय दिसतं ते मी ऐकलंय. पेटीपाशी.”

हे ऐकून सुनेने पोर उचलली आणि ती निघाली. घरात शिरताना म्हणाली, “पुन्हा माझ्याबरोबर येऊ नका.”

आजीने ते मान्य केलं. पण ती मशीनवर बसायची आणि नजर खाली चटईवर. टीप वाकडी जायला लागली. तीस वर्षांत कुणी तिची टीप वाकडी म्हटली नव्हती. बोलण्यात, हसण्यात, हट्टात पोर दिवसागणिक वाढत होती आणि पाय जिथल्या तिथे. एकाच अंगावर दोन पोरांचे कपडे चढवल्यासारखं. बाही एका वयाची, पायजमा दुसऱ्या. आजीला ते पटत नव्हतं, आणि का पटत नाही ते सांगता येत नव्हतं.

तीन महिन्यांनी पुढची भेट आली. आदल्या दुपारी सुनेने गुलाबी कार्ड काढून मशीनच्या फळीवर ठेवलं आणि पोरीला पाणी घालायला गेली. आजीच्या नाकावर चष्मा होता. तिने कार्ड वाचलं. सून परत आली तेव्हा आजीचे पाय मशीनच्या पायट्यावर तसेच थांबलेले.

“ही तारीख कुणाची?”

“तिचीच.”

“या तारखेला ती जन्मली नाही. या तारखेला ती घरी येऊन पंधरा दिवस झाले होते. मी तिचं पहिलं झबलं शिवत होते.”

“बाईंनी सांगितलंय तीच तारीख धरायची.”

“बरं. आणि बाई चकती फिरवतात ती कशातून वजा करतात?”

सून पोरीचे केस पुसत होती. हात थांबला.

आजीने समोरचा शर्टाचा कापलेला तुकडा उचलला. शिवणीसाठी कापडाच्या कडेला जी जागा जास्तीची सोडतात, तिला माया म्हणतात. आजीने त्या कडेवर नख फिरवलं. “माया एकदा धरतात. मी कागदावर आकृती काढताना माया धरली, आणि तोच कागद कापडावर ठेवून तू पुन्हा माया धरलीस, तर कपडा दोन बोटं ढगळा होतो. नवशिक्या पोरी हेच करतात. पहिलीने धरली असेल हे दुसरीला ठाऊक नसतं. तू आधीच वजा करून लिहिलंस. तिने त्यातून परत वजा केलं. चिमटी सहा महिन्यांची नव्हती गं तेव्हा. नऊची होती. आणि नऊची पोर बसते.”

सुनेचा चेहरा कोऱ्या कापडासारखा झाला. मग त्याच्यावर रंग चढला.

“तुम्हाला ती लंगडी झालेलीच हवी आहे,” ती म्हणाली. “म्हणजे तुमचं म्हणणं खरं होईल. पेटीपाशी बोललात ते.”

“मला ती चालायला हवी आहे. त्याच्यासाठी तू माझ्या तोंडावर थुंकलीस तरी चालेल.”

दुसऱ्या दिवशी दोघी गेल्या. रस्त्याने सून चार पावलं पुढे.

वजाबाईने कार्ड हातात घेतलं, चकती काढली. आजीने तिचं मनगट धरलं. त्या खोलीत कुणी कधी तिच्या अंगाला हात लावला नव्हता. बाहेर बाकावरच्या बायका दारातून डोकावल्या.

“नका फिरवू. ती झाली आहे वजा.”

“हात सोडा.”

“ही जन्मतारीख नाही. ही तुमची तारीख आहे. तुम्ही दिलेली. विचारा हिला.”

वजाबाईने सुनेकडे पाहिलं. सुनेने मान हलवली. भिंतीपलीकडे यंत्र सुरू झालं, घंटी किणकिणू लागली, आणि वजाबाईने ती उचलून उताणी ठेवली. मग चकती खिशात टाकून ती चटईवर बसली. चिमटीचा उजवा पाय हातात घेतला, घोट्यातून हळूच वर दाबला. पाऊल अडलं. पुन्हा दाबलं, सावकाश. पुन्हा तिथेच अडलं. दोन्ही मांड्या बाजूला करायला गेली, त्या दाराच्या घट्ट बिजागरीसारख्या अर्ध्यात थांबल्या. चिमटी रडायला लागली. वजाबाईने पोरीला काखेत धरून उभं केलं. दोन्ही चवडे टेकले, टाचा हवेत, आणि पाय एकमेकांना आडवे गेले.

किती वेळ ती तशीच धरून बसली. आजी तिच्या तोंडाकडे बघत होती. कधीपासून तिला हा चेहरा पडलेला बघायचा होता, आणि आता तो पडला तर बघवेना.

“हे तू लिहिलंस?” वजाबाई सुनेवर कडाडली. “चौकटीत काय छापलंय? जन्मतारीख! वाचता येतं ना?”

“तुम्हीच म्हणालात विसर!” सून पहिल्यांदाच तिच्यावर ओरडली. “अपघाताची तारीख म्हणालात. मी तिचा वाढदिवस केला नाही! घरात शिवलेला फ्रॉक कपाटात कोंबला मी. तुमचं ऐकून!”

“मी मोजायला सांगितलं, लिहायला नाही!”

“आणि सासूबाई तीन महिन्यांपूर्वी पायजमा घेऊन आल्या होत्या. तुम्ही सगळ्यांना हसवलंत. मीपण मनात हसले.” एवढं बोलून सुनेने पोर छातीशी घेतली आणि ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

मोठ्या डॉक्टरांकडे जावं लागलं. त्यांनी पाय तपासले, डोक्याचा फोटो काढायला लिहून दिलं, आणि मेंदूला जन्माच्या वेळी बसलेल्या माराचं एक लांबलचक नाव सांगितलं. बुद्धीला धोका दिसत नाही, म्हणाले. पाय शिकवावे लागतील. हे तीन महिन्यांपूर्वी सुरू झालं असतं तर बरं झालं असतं. किती बरं, ते कुणीच सांगू शकणार नाही. मग त्यांनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि लिहायला घेतलं, ‘पालकांनी चुकीची माहिती...’

“थांबा,” वजाबाई म्हणाली. ती दाराशी उभी होती. “अक्षर हिचं आहे. चकती माझी आहे.”

“म्हणजे?”

“म्हणजे माझ्या नावावर लिहा. ठोकळा शोधणारी पोर सहा महिन्यांची नसते, हे मला कळायला हवं होतं. मला तेव्हा कौतुक वाटलं.”

डॉक्टरांनी काय लिहिलं ते आजीला वाचता आलं नाही, टेबल लांब होतं. व्यायामाच्या विभागात रांग होती. पाच महिन्यांनी नंबर लागेल, म्हणाले.

बाहेर जिन्याखाली वजाबाईने त्यांना गाठलं. “पाच महिने थांबायचं नाही. उद्या सकाळी सातला मी येते. कामावर यायच्या आधी.”

“माझ्या घरात तुमचं पाऊल नको,” सून म्हणाली.

“माझ्या पावलाचं नाही, हिच्या पावलाचं बोल.”

सून आजीकडे बघायला लागली. लग्न होऊन आल्यापासून तिने सासूचा सल्ला मागितल्यासारखं पाहिलं ते पहिल्यांदाच. आजीच्या मनात होतं नाही म्हणायचं, भर चौकात, सगळ्यांना ऐकू जाईल असं. ती म्हणाली, “सातला नको. पावणेसातला या. सातला पाणी येतं.”

अशी वजाबाई घरात यायला लागली. आठवड्यातून चार दिवस. कुणी तिला बसा म्हटलं नाही. चहा टाकला जायचा तो दोनच कपांचा. ती चपला दाराबाहेर काढायची, हात धुवायची, चटईवर बसायची. गरम फडक्याने पोटऱ्या शेकायच्या. टाच मुठीत धरून पाऊल वर न्यायचं आणि तीस आकडे थांबायचं. चिमटी तिला बघितलं की किंचाळायची. पहिला शब्द म्हणून ती ‘आई’ शिकली आणि दुसरा ‘जा’. तो वजाबाईसाठीच होता. बोट दाखवून म्हणायची, “जा!”

“जाते, जाते. आधी सत्तावीस, अठ्ठावीस...”

सून तेवढा वेळ आत भांडी घासायची. घासलेली भांडी पुन्हा घासायची. व्यायाम मात्र दाराआडून बघून बघून पाठ केला होता तिने. संध्याकाळी तीच करायची, आकडाही न चुकवता.

पाय फाकवून बसायला एक लोड हवा होता. आजीने चिंध्या भरून शिवला. वजाबाईने तो दाबून पाहिला. “मऊ आहे. झोपायचं नाहीये तिला.”

आजीने उसवला, ठासून भरला, शिवला.

“आता जाड झाला. मांड्या फाटतील पोरीच्या.”

“तीस वर्षं पोरांचे कपडे शिवते मी, आणि तुम्ही मला...”

“मग माप घ्या ना. कुणी अडवलंय?”

आजीने चिमटीला उचलून गुडघ्यांमधलं अंतर वितीने मोजलं, तिसऱ्यांदा उसवला. तिसरा लोड वजाबाईने दाबला आणि काही बोलली नाही. तेवढीच त्या घरात तिने दिलेली शाबासकी.

मग वजाबाईने आणलेले ठोकळे स्टुलावर गेले. हवे असतील तर गुडघ्यावर ये. चिमटी आली. मग मशीनच्या फळीवर गेले. हवे असतील तर उभी राहा. चिमटीने कांगावा केला, लोळली, आजीच्या नावाने टाहो फोडला. “आ-जी! आ-जी!” आजी उठायला गेली की वजाबाईची बोटं तिच्या गुडघ्यावर. “हलाल तर याद राखा.” आजी दात आवळून मशीन चालवायची. एकदा तिने रागाच्या भरात आख्खी बाही उलटी जोडली. वजाबाई जाताना म्हणाली, “उजवी डावीला लागली आहे.” आजीने ती तिच्यादेखत काढून फेकली.

मध्ये एकदा नंबर लागायची वेळ आली आणि पुढे गेली. पाचाचे सात महिने झाले. पायांत रात्री घालायचे पट्ट्यांचे साचे आले. चिमटी आता जन्माच्या हिशोबाने दोन वर्षांची होत आली होती. हिशोब आता घरात कुणी बोलून दाखवत नव्हतं. ती पायमशीनचा लोखंडी सांगाडा धरून उभी राहायची. सांगाडा, मग स्टूल, मग खिडकीचा कट्टा, अशी धरून धरून सरकायची. डावी टाच टेकायची. उजवी अजून वर.

एका सकाळी वजाबाई आली तेव्हा सून दारातच उभी होती. हातात कागद. “व्यायाम विभागातून आलाय. परवापासून रोज बोलावलंय. तुम्ही उद्यापासून यायचं नाही.”

आजीचा पाय पायट्यावर थांबला. तिला वाटलं, बाई भांडेल. तिला हेही वाटलं, भांडावं. तिथे दिवसाला चाळीस पोरं, एकेकाला दहा मिनिटं. इथे पाऊण तास. सुनेला हे दिसत नव्हतं असं नाही. तिला ही बाई घरात सोसत नव्हती, इतकंच. गेल्या सात महिन्यांत एकही सकाळ अशी नव्हती, की त्या चपला दाराबाहेर पाहून तिला तो गुलाबी कागद आठवला नसेल.

वजाबाईने कागद वाचला. “बरं.”

आत येऊन तिने हात धुतले. फडकं शेकलं. त्या दिवशीही तीसच्या तीस आकडे मोजले. चिमटी म्हणाली, “जा.” ती म्हणाली, “आज खरंच जाते, बये.”

उठताना ती आजीला म्हणाली, सुनेला ऐकू जाईल अशा आवाजात, “तिथल्या बाईला सांगा, उजवा घोटा आधी. डावा रडून दाखवतो, काम उजव्याला आहे. आणि चालायला लागली की लोक टाळ्या पिटतील. पिटू देऊ नका. टाच बघायची.”

“मला शिकवू नका,” आजी म्हणाली. “मीच दाखवली होती तुम्हाला.”

“दाखवली होती,” वजाबाई म्हणाली.

आजीच्या ओठावर चहाचं आलं होतं. किटलीत त्या दिवशी तिसऱ्या कपापुरता चहा होताही. पण सून दाराला टेकून उभी होती, आणि आजीलाही तो पायजमा अजून विसरता येत नव्हता, बायकांचं ते हसणंही. तिने दोरा दाताने तोडला.

वजाबाईने चपला घातल्या आणि निघाली. चाल भरभर, खांदे पुढे. कुणीतरी गल्लीच्या मधोमध सायकल लावली होती. तिने ती कडेला ढकलली आणि वर एका खिडकीकडे बघून ओरडली, “रस्ता तुझ्या बापाचा आहे का रे?” खिडकीतून काही उत्तर आलं. तिने त्याहून मोठं दिलं. मागे मात्र वळून पाहिलं नाही.

आजी मशीनवरून बघत होती. तिला दिसलं, डाव्या चपलेची टाच बाहेरच्या अंगाने झिजली आहे, बाई डावा पाय जपून टाकते. चिमटी खिडकीचा गज धरून उभी होती, हनुवटी कट्ट्यावर, तोंडात ठोकळा. तीही बघत होती. सून आत भांडी घासायला गेली होती, पण घासण्याचा आवाज थांबला होता. वजाबाई कोपऱ्यावर वळली, दिसेनाशी झाली, तरी तो पुन्हा सुरू झाला नाही.